विशारद म्हणजे किती रुपये?

बत्तीस वर्षे मी बँकेच्या कर्ज खात्यात काढली. कुणाला पिठाची गिरणी घालायची असते, कुणाला म्हैस घ्यायची असते, कुणाला मुलाला परदेशी धाडायचे असते. प्रत्येकाच्या अर्जावर मी पेन्सिलीने एकच प्रश्न लिहीत आलो: 'परतफेड कशातून?' हा प्रश्न एक दिवस माझ्याच घरी, माझ्याच पानासमोर येऊन बसेल, असे मात्र कधी वाटले नव्हते.

गेल्या वर्षी बारावीचा निकाल लागला त्या रात्रीची गोष्ट. आमची धाकटी आमटी वाढून घेता घेता म्हणाली, "बाबा, मी बी. कॉम. करणार नाही. संगीत घेऊन बी. ए. करणार."

सौभाग्यवतींच्या हातातला डाव वाटेतच थांबला. निकालाचे पेढे खायला आलेले माझे मेहुणे सनदी लेखापाल आहेत. ते म्हणाले, "भावजी, गाणं छंद म्हणून ठीक आहे हो! पण त्याची पदवी? बाजारात तिला भाव काय?"

मुलगी रडली नाही की भांडली नाही. "बाबा, तुम्ही जगाचे अर्ज तपासता ना? मग माझाही तपासा," एवढेच म्हणून ती ताटावरून उठली. मीही ते मनावर घेतले. दुसऱ्या दिवशी कोरी वही आणली आणि चौकशीला लागलो.

पहिलाच शोध असा, की आपण सारे ज्याला सरसकट 'संगीताची डिग्री' म्हणतो ती एक वस्तू नसून दोन आहेत. एक विद्यापीठाची बी. ए., एम. ए. आणि दुसरी गांधर्व महाविद्यालय मंडळाची परीक्षा. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशा तिच्या पायऱ्या. विशारदाला कुठे पदवीच्या बरोबरीने धरतात, कुठे धरीत नाहीत. तेव्हा जिथे अर्ज करायचा तिथे आधी लेखी विचारून घ्यावे, हे मी वहीत लाल शाईने लिहिले.

हा परीक्षांचा घाट मुळात घातला कुणी? पूर्वी गाणे शिकायचे म्हणजे उस्तादाच्या घरी पाणी भरायचे, चिलीम भरायची आणि मर्जी होईल तेव्हा मिळेल ते उचलायचे. पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि गाणे वर्गात आणले. फी भरा, ठरल्या वेळी या, शिका, परीक्षा द्या! घरंदाज मुलामुलींना गाण्याचे दार उघडले ते असे. १९०८ साली त्यांनी मुंबईत विद्यालय सुरू केले, कर्ज काढून इमारत बांधली आणि त्या कर्जापायीच ती पुढे हातची गेली. माझ्यातला कर्ज अधिकारी इथे जरासा थबकला. ज्यांनी गाण्याला प्रमाणपत्र दिले त्यांचाच ताळेबंद जुळला नव्हता! १९३१ साली पंडितजी गेले. त्याच वर्षी शिष्यांनी मंडळ स्थापन केले आणि आज गावोगावी त्याच्या परीक्षा होतात. दुसरे पंडित भातखंडे. ते तर पेशाने वकील. त्यांच्या प्रयत्नाने १९२६ साली लखनौला संगीताचे कॉलेज निघाले. आज ते विद्यापीठ झाले आहे.

दुसरा शोध असा, की मैफलीच्या दाराशी पदवी कुणी विचारीत नाही. आकाशवाणीवर गायचे तर आवाजाची चाचणी होते आणि 'बी', 'बी हाय', 'ए', 'टॉप' अशी श्रेणी मिळते. त्या श्रेणीवर मानधन ठरते, प्रमाणपत्रावर नव्हे. भीमसेन जोशी पोरवयात घर सोडून गुरूच्या शोधात निघाले, ते काही पदवीसाठी नव्हे. किशोरी आमोणकरांचे विद्यापीठ म्हणजे त्यांच्या मातोश्री मोगूबाई. आणि आम्हा हिशेबनीसांना अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे वसंतराव देशपांडे! त्यांनी कित्येक वर्षे लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी केली आणि पोट त्या नोकरीवर ठेवून गाणे मोकळे ठेवले.

मग पदवी चालते कुठे? वर्गात. प्रभाताई अत्रे यांच्याकडे विज्ञानाची पदवी होती, कायद्याची होती आणि संगीतातली डॉक्टरेटही होती. आकाशवाणीत नोकरी करून पुढे त्या एस.एन.डी.टी. विद्यापीठात संगीत विभागाच्या प्रमुख झाल्या. प्राध्यापक व्हायचे तर एम. ए. आणि वर 'नेट' किंवा 'सेट' लागते. तिथे नुसता गळा चालत नाही, कागद लागतो. पण कायम जागा थोड्या, आणि तासिका तत्त्वावर काम करीत वाट पाहणारी माणसे पुष्कळ.

खर्चाची बाजू मांडली तेव्हा आश्चर्य वाटले. कॉलेजची फी हा त्यातला लहान आकडा निघाला. गुरुजींचे महिना दोन हजार, एक मिरजेचा तानपुरा, आणि सर्वांत महाग म्हणजे वर्षे! आमच्या बँकेत शैक्षणिक कर्जाला शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभर हप्त्याची सूट असते. गाण्याला ती दहा वर्षे द्यावी लागेल, असे मी लिहिले आणि पेन खाली ठेवले.

शेवटी माझ्याबरोबर लहानपणी गाणे शिकलेल्या एका बाईंकडे गेलो. त्या विशारद, शिवाय एम. ए. शाळेत नोकरी आणि घरी बावीस विद्यार्थी. चार सातासमुद्रापलीकडचे, ते संगणकावरून शिकतात.

"घराचे हप्ते मी गाण्यावर फेडले," त्या म्हणाल्या. "पण एक आकडा तुझ्या वहीत नाही, तोही लिहून घे. सकाळ-संध्याकाळ दुसऱ्यांचे 'सा' लावून देता देता माझा स्वतःचा रियाज अकरा वर्षांपूर्वी सुटला." थोडे थांबून त्यांनी विचारले, "तुझं मध्यमाचं प्रमाणपत्र आहे का रे अजून?"

आहे. विम्याच्या पॉलिस्यांच्या फाइलीत. १९८४ साली मध्यमा पूर्ण झालो तेव्हा विशारदाचा अर्ज मी वडिलांपुढे ठेवला होता. त्यांनी तो न वाचताच बाजूला सारला आणि स्टेट ट्रान्सपोर्टच्या भरतीची जाहिरात पुढे केली. वडिलांचे चुकले असे मी आजही म्हणत नाही. घरात सहा खाणारी तोंडे होती. पण निदान वाचायला हवा होता.

त्या रात्री मी निर्णय सांगितला. "हा कागद गायिका होण्याचा परवाना नव्हे. ती शिक्षिकेची पात्रता आहे. तेवढ्याच भावाने ती घ्यायची असेल तर अर्ज मंजूर. अटी तीन. जोडीला अर्थशास्त्र घ्यायचे. एम. ए. नंतर 'नेट' द्यायची. आणि शिकवण्या कितीही आल्या तरी पहाटेचे दोन तास स्वतःसाठी राखायचे, ते विकायचे नाहीत."

"तिसरी अट तुम्हाला कुणी सुचवली?" सौभाग्यवतींनी विचारले. मी ताक मागितले.

वाचकहो, तुमच्या घरीही असा अर्ज येईल. मंजूर करा किंवा नामंजूर करा, पण वही घेऊन बसा आणि मुलांनाही शेजारी बसवा. 'पुढे बघू' हे उत्तर तेवढे देऊ नका.

गेल्या दिवाळीत आमच्या भागातल्या दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमात धाकटी गुरुजींच्या मागे तानपुऱ्याला बसली होती. घरी आली ती एक नारळ आणि एक पाकीट घेऊन. पाकिटात पाचशे एक रुपये. तिच्या आईने ते देवापुढे ठेवले. मी वही काढली आणि जमेच्या बाजूला पहिली रक्कम लिहिली. मेहुणे फराळाला आलेच होते. त्यांनी चष्मा लावून ती नोंद पाहिली आणि म्हणाले, "भावजी, नारळ लिहायचा राहिला!"