जुनी काच, नवी काच

गेल्या उन्हाळ्यात निपाणीचा एक परिचित तरुण आमच्याकडे बेळगावास आला. त्याच्या हाती धुवट फडक्यात गुंडाळलेली एक लेन्स होती. चुलत्यांनी वार्धक्यामुळे आपला लहानसा स्टुडिओ बंद केला, तेव्हा ही एवढीच वस्तू त्यांनी पुतण्याला दिली. तो आता लग्नकार्यांची छायाचित्रे घेऊ लागला असून एका महागड्या नव्या लेन्ससाठी कर्ज काढण्याच्या बेतात होता. “काका, जुन्या काचेची सर नव्या काचेला येत नाही, असे जाणकार म्हणतात. ते खरे असेल तर मी कर्जात का पडू?” असा त्याचा प्रश्न. प्रश्न घरच्या पैशाचा आणि पोटापाण्याचा असल्यामुळे तो हसण्यावारी नेणे आम्हांस प्रशस्त वाटले नाही.

लेन्स रशियन बनावटीची होती : हेलिओस ४४-२, ५८ मिलिमीटर, एफ २. झेनिट कॅमेऱ्याबरोबर ती एके काळी आपल्याकडे बरीच आली. तिचा मूळ आराखडा जर्मनीतील झाइस कारखान्याच्या ‘बायोटार’चा. जुन्या पद्धतीत भिंग आणि फिल्म यांमध्ये सुमारे साडेपंचेचाळीस मिलिमीटर अंतर असे. आरसा नसलेल्या आजच्या कॅमेऱ्यांत ते १६ ते २० मिलिमीटर असते. मधली उणीव एका साध्या कड्याने भरून निघते, म्हणूनच जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर चढते.

आम्ही दोघांनी मग प्रत्यक्ष परीक्षाच घेतली. कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून भिंतीवरच्या दिनदर्शिकेचे छायाचित्र आळीपाळीने जुन्या आणि मागून आणलेल्या नव्या लेन्समधून घेतले. छिद्र पूर्ण उघडे असता जुन्या लेन्सने मधले आकडे स्वच्छ टिपले, पण कोपऱ्यांतील अक्षरे विरघळल्यासारखी दिसली. नवीने कोपरेही चोख दाखविले. छिद्र एफ ८ पर्यंत लहान करताच मात्र चमत्कार झाला. आठ बाय दहा इंचांच्या दोन प्रती शेजारी ठेवल्या असता कोणती कोणाची हे आम्हांस ओळखता येईना. रंगाची छटा तेवढी किंचित निराळी.

मग खिडकीसमोर एका गृहस्थांना काळा कोट घालून उभे केले. येथे जुनीचा पुरता पराभव झाला : कोटावर धुक्याचा पडदा पसरला. ह्याचे कारण वाचकांनी समजून घेण्याजोगे आहे. लेप नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकतो. हवेला भिडणारे आठ पृष्ठभाग असले तर पलीकडे जेमतेम ७२ टक्के प्रकाश पोहोचतो, आणि फेकलेल्या प्रकाशापैकी काही आत इकडेतिकडे आपटून चित्रावर झाक आणतो. पॉल रुडोल्फ यांनी १८९६ साली निर्माण केलेले ‘प्लानार’ हे उत्तम भिंग ह्याच दोषामुळे कित्येक वर्षे मागे पडले. १९३५ साली झाइसचे अलेक्झांडर स्माकुला यांनी परावर्तन रोखणारा पातळ लेप शोधून काढला, आणि पुढे अनेक थरांचे लेप आले. आजच्या लेन्समध्ये पंधरा-वीस काचा सुखाने नांदतात, त्या ह्या लेपांच्या बळावर.

गंमत अशी की, लेपाची कल्पना जुन्या काचेनेच सुचविली. डेनिस टेलर ह्या इंग्रज तंत्रज्ञास एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आढळले की, वयोमानाने डागाळलेली भिंगे नव्या भिंगांपेक्षा अधिक प्रकाश आत सोडतात. म्हातारपणही कधी कधी असे उपयोगी पडते!

तिसरी परीक्षा अंगणात धावणाऱ्या मुलांची. दोन मीटरवर, छिद्र पूर्ण उघडे असता, ह्या जुन्या लेन्सने सुस्पष्ट दिसणारा पट्टा सुमारे १४ सेंटीमीटरचा. हाताने कडे फिरवीपर्यंत मूल त्याबाहेर निघून जाई. नवी लेन्स डोळा ओळखून स्वतःच फोकस साधते. लग्नात वधू पायऱ्या उतरते ती एकदाच. छायाचित्रकारासाठी ती पुन्हा उतरत नाही.

तर मग जुनीचे मोल काय? चेहऱ्याजवळ जाऊन सावकाश घेतलेल्या चित्रात तिने मागची झाडी भोवऱ्यासारखी फिरविली आणि मुद्रा हळुवार उमटविली. शास्त्रदृष्ट्या हा दोषच. परंतु डोळ्यांस तो गोड वाटतो. तथापि ‘जुने ते सोने’ म्हणून दोषालाच गुण ठरविणे आम्हांस मान्य नाही. निपाणीपासून चाळीसेक किलोमीटरवरच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी १९१८ च्या सुमारास स्वतः चलच्चित्राचा कॅमेरा घडविला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. त्यांनी तो घडविला तो जुन्याच्या मोहाने नव्हे, तर आपले काम अडू नये म्हणून. आमच्या सीमाभागाने घ्यावयाचा धडा हाच.

आम्ही त्या तरुणास सल्ला दिला : मोठे कर्ज काढू नये, ५० मिलिमीटरची, एफ १.८ ची साधी नवी लेन्स घ्यावी आणि लग्ने तिच्यावर करावीत. जुनी विकू नये, पण कपाटातही कोंडू नये. बेळगावच्या पावसाळ्यात बंद पेटीतील काचेवर बुरशी धरते आणि तिचे आम्ल लेप खाऊन टाकते. मग पुसून उपयोग नाही. हवाबंद डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, त्या वेळोवेळी बदलाव्यात, आणि लेन्स अधूनमधून वापरात ठेवावी. ज्या वाचकांच्या घरी वडिलार्जित कॅमेरा असेल, त्यांनीही मृगापूर्वी एवढे अवश्य करावे.

त्याने तसेच केले. दिवाळीत तो पुन्हा आला, तेव्हा साध्या लेन्सवर चार लग्ने पार पडली होती आणि डोक्यावर कर्ज नव्हते. सोबत त्याने एक छायाचित्र आणले होते : वखारीच्या ओट्यावर बसलेले त्याचे चुलते, जुन्याच लेन्सने घेतलेले. कोपरे अस्पष्ट होते. “हे आमच्या लेन्सचेच काम,” असे चुलते पाहताक्षणीच म्हणाले म्हणे. आम्ही ते चित्र खिडकीशी नेऊन बराच वेळ न्याहाळले. चेहरा अगदी स्वच्छ आला होता.