उजव्या रस्त्याचा दिवा डाव्या रस्त्यावर

सरस्वती महाल ग्रंथालय, दरबाराचे दालन आणि घंटेचा उंच मनोरा पाहण्यासाठी तंजावूरच्या राजवाड्यात देशोदेशींचे प्रवासी येत असतात. त्यांपैकी एक जण जर्मनीहून स्वतःच्या मोटारसायकलीवर, भूमार्गाने, येथवर आला आहे अशी कल्पना करू. गाडी कदाचित चेन्नईजवळच्या कारखान्यात तयार होऊन जर्मनीत विकली गेलेली असेल, आणि त्या अर्थाने ती माहेरीच आली असेल. पण जर्मनीत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, आणि तिचा पुढचा दिवा त्या रस्त्यासाठी घडविलेला आहे. संध्याकाळी दिवा लावून तो राजवाड्यापासून बृहदीश्वराच्या देवळाकडे निघाला, तर समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतील आणि त्याच्या स्वतःच्या डाव्या कडेने चालणारी माणसे त्याला उशिरा दिसतील. दिवा बिघडलेला नसूनही असे का घडावे?

ह्याचे उत्तर झोताच्या आकारात आहे. वाहनाच्या दिव्याला दोन झोत असतात. लांबचा झोत सरळ पुढे जातो, आणि त्याला डावे-उजवे नसते. समोरून वाहन आले म्हणजे लावावयाचा तो खालचा झोत. (आपल्याकडे पुष्कळ चालक ह्या दुसऱ्या झोताचे अस्तित्वच विसरलेले असतात, हे वेगळे.) खालच्या झोताची वरची कड रेखीव असते. तिच्याखाली उजेड आणि वर अंधार. युरोपात १९५७ च्या सुमारास ही कड दोन्ही बाजूंस सारखी न ठेवता तिचा एक भाग आपल्या कडेच्या बाजूस सुमारे १५ अंशांनी वर चढविण्याची पद्धत आली. त्यामुळे समोरच्याच्या बाजूला उजेड खालीच राहतो आणि स्वतःच्या कडेला मात्र पाचरीच्या आकाराचा प्रकाश वर उठून पादचारी, सायकलस्वार, मैलाचे दगड दाखवितो. भारतात ही पाचर डावीकडे चढते, जर्मनीत उजवीकडे.

थोडे गणित केल्यास पाचर चुकीच्या बाजूला गेल्याने काय होते ते स्पष्ट होईल. दिवा जमिनीपासून ८० सेंटिमीटर उंच आहे आणि झोताची आडवी कड दर शंभर मीटरला एक मीटर खाली उतरते, असे धरू. पंचवीस मीटरवर ही कड ५५ सेंटिमीटर उंचीवर येईल. समोरून येणारा स्कूटरस्वार उजवीकडे साडेतीन मीटरवर आहे. दिवा भारतीय असेल तर उजेड त्याच्या गुडघ्याच्या आसपास थांबतो. दिवा जर्मन असेल, तर त्याच ठिकाणी पाचर आणखी ९४ सेंटिमीटर वर चढून जवळजवळ दीड मीटरला पोहोचते, आणि स्कूटरवर बसलेल्या माणसाचे डोळे त्याच्या आतच येतात. उलट डाव्या कडेला, दोन मीटरवर चालणारी स्त्री भारतीय दिव्यात १ मीटर ९ सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे कमरेच्या वरपर्यंत, उजळली असती. जर्मन दिव्यात तिचे केवळ पाय दिसतात. ज्याला दाखवावयाचे नाही त्याच्यावर प्रकाश आणि जी दिसावयास हवी ती अंधारात, अशी उलटापालट होते.

दिपलेल्या डोळ्याचीही गोष्ट सांगितली पाहिजे. डोळ्याच्या भिंगातून जाताना थोडा प्रकाश विखुरतो आणि दृष्टिपटलावर धुक्यासारखा पसरतो. ह्या धुक्यात फिकट वस्तू बुडून जातात. मोतीबिंदू झालेल्या भिंगात हे विखुरणे फारच वाढते, म्हणून वृद्ध चालकाला तोच झोत तरुणापेक्षा अधिक छळतो. ह्याच राजवाड्यात दुसरे सरफोजी महाराज (कारकीर्द १७९८ ते १८३२) नेत्ररोगांत जातीने लक्ष घालीत. त्यांच्या धन्वंतरी महालाशी संबंधित नेत्ररुग्णांची टिपणे, डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, सरस्वती महालात जपलेली आहेत. त्या काळी रस्त्यावर पलित्याहून प्रखर उजेड नव्हता. आज मात्र प्रत्येक नव्या दुचाकीचा दिवा इंजिन चालू होताच आपोआप लागतो. भारतात एप्रिल २०१७ पासून तसा नियमच आहे.

कायद्याने ह्या प्रश्नाचा विचार केलेला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १०६ व्या नियमाप्रमाणे, दिव्यापासून आठ मीटर पुढे, वाहनाच्या उजव्या टोकापासून अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला झोताने दिपविता कामा नये. नियमात डोळा उजवीकडे धरला आहे, कारण आपल्याकडे समोरचा माणूस उजवीकडून येतो.

तेव्हा उपाय करण्यापूर्वी आपला दिवा कोणत्या जातीचा आहे ते पाहावे. युरोपीय नियमांनुसार बनविलेल्या दिव्याच्या काचेवर खूण असते. दिव्यासमोर तोंड करून उभे राहिल्यास बाण आपल्या उजव्या हाताकडे असेल तर दिवा डाव्या रस्त्याचा समजावा. बाणच नसेल तर उजव्या रस्त्याचा, आणि बाणाला दोन्हीकडे टोके असतील तर दोन्ही रस्त्यांचा. लहान मोटारसायकलींच्या पुष्कळ दिव्यांत कड दोन्ही बाजूंस सपाटच असते, आणि त्यांना काहीही करावे लागत नाही. बाणापेक्षा भिंतीची साक्ष अधिक खात्रीची. सपाट जमिनीवर, भिंतीपासून पाच-सात मीटरवर, स्वार बसलेला असताना गाडी उभी करून खालचा झोत लावावा. पाचर असेल तर ती कोणत्या बाजूला चढते ते लागलीच दिसते.

बल्ब बदलून बाजू बदलत नाही, हे ध्यानात ठेवावे. १९७१ पासून प्रचारात आलेला ‘एच-चार’ जातीचा बल्ब दोन्ही प्रकारच्या देशांत तोच असतो. पाचर कोणीकडे जावी हे बल्ब कसा बसतो आणि परावर्तक व काच कशी घडविली आहे ह्यांवर ठरते. ३ सप्टेंबर १९६७ रोजी स्वीडनने डावा रस्ता सोडून उजवा धरला, तेव्हा तेथील मोटारींचे दिवेही बदलावे लागले.

दिवा खाली झुकविणे हा उपाय अनेकांना सुचतो. परंतु वरच्या उदाहरणातील दीड मीटरची पाचर १.२ मीटरवर आणावयाची, तर झोत शंभर मीटरला २.२ मीटर उतरवावा लागेल, आणि ८० मीटरपर्यंत पोहोचणारा उजेड ३६ मीटरवरच जमिनीला टेकेल. ताशी ६० किलोमीटर वेगाच्या गाडीला, भान येण्यास दीड सेकंद धरला तर, थांबावयास ५० मीटरहून अधिक अंतर लागते. म्हणजे दिसण्यापूर्वीच धडक.

दीर्घ मुक्काम असेल तर त्या देशाचा दिवा बसविणे उत्तम. थोड्या दिवसांसाठी पाचर झाकावी. जुन्या नक्षीदार काचेवर कोणता भाग झाकावा हे गाडीच्या पुस्तिकेत सापडते. नव्या स्वच्छ काचेमागे परावर्तकाचे असंख्य पैलू असल्याने अंदाज चालत नाही. तेथे पुन्हा भिंतीसमोर उभे राहून पुठ्ठ्याचा लहान तुकडा काचेपुढे सावकाश फिरवावा. ज्या जागी भिंतीवरची पाचर मावळते आणि बाकीचा झोत राहतो, तेवढ्याच भागावर अपारदर्शक चिकटपट्टी लावावी. ५५ वॅटचा हॅलोजन बल्ब काच चांगलीच तापवितो आणि काळी पट्टी ती उष्णता शोषून घेते. म्हणून प्लास्टिकच्या काचेवर पट्टी फार काळ ठेवू नये. प्रकाश वळविणाऱ्या तयार चकत्याही मिळतात, परंतु त्या ठरावीक आकाराच्या दिव्यांनाच नीट बसतात. काही भिंगयुक्त दिव्यांत आतील पडदा फिरविण्याची लहान कळच ठेवलेली असते.

पाचर झाकली म्हणजे समोरचा वाचतो, पण आपली कड उजळत नाही. तंजावूरला आलेल्या पाहुण्याने म्हणूनच रात्रीचा वेग कमी ठेवावा. हेच तंजावूरहून निघून मणिपूरमधील मोरे येथून म्यानमारात जाणाऱ्या स्वारालाही लागू आहे. तेथे १९७० पासून वाहने उजवीकडून चालतात. सीमेपलीकडे पहिली रात्र पडण्यापूर्वी त्याने आपल्या डाव्या पाचरीवर पट्टी लावावी, आणि परतताना ती काढून काचेवरचा डिंक ओल्या कापडाने पुसून टाकावा.