सिरॅमिक ब्रेक पॅडची निवड : नित्याच्या वाहतुकीच्या दृष्टीने

‘सिरॅमिक’ हा शब्द कुंभाराच्या मातीचा वाचक असलेल्या ग्रीक शब्दापासून आला आहे. त्यामुळे सिरॅमिक ब्रेक पॅड म्हणजे भट्टीत भाजून काढलेली, वाटेल तितकी उष्णता सोसणारी एखादी वडी असावी, अशी कल्पना सहजच होते. घाटातून वारंवार जा-ये करणारा गृहस्थ अधिक पैसे मोजून हे पॅड गाडीस बसवितो, तो बहुधा ह्याच समजुतीने. ती कितपत साधार आहे, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

बाजारात सिरॅमिक म्हणून मिळणारा पॅड हा वस्तुतः एक मिश्र पदार्थ होय. सिरॅमिक तंतू, निरनिराळी खनिजे, ग्रॅफाइट, भरणद्रव्ये आणि कित्येकदा तांबे हे घटक फिनॉलिक राळेत कालवून उष्णतेने व दाबाने पोलादी पाठपट्टीवर घट्ट बसविलेले असतात. घटकांचे प्रमाण प्रत्येक उत्पादक गुप्त राखतो. ह्या मिश्रणात उष्णतेपुढे प्रथम हार खाते ती राळ. सुमारे ३०० अंश सेल्सियसच्या पुढे तिचे विघटन होऊ लागते, वायू सुटतात आणि घर्षण घटते. इतर प्रकारच्या पॅडांतही बंधक म्हणून सामान्यतः हीच राळ असते. तेव्हा केवळ नावावरून उष्णतासहत्वाची हमी मिळत नाही. पोर्श कंपनीने २००१ च्या सुमारास ९११ जीटी-२ ह्या गाडीवर आणलेल्या कार्बन-सिरॅमिक डिस्क ही अगदी निराळी वस्तू आहे. तिची कीर्ती ह्या पॅडांच्या पदरात टाकणे रास्त नव्हे.

आता उष्णता किती निर्माण होते ते पाहू. १२०० किलोग्रॅम वजनाची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असता तिची गतिज ऊर्जा सुमारे १६७ किलोज्यूल असते. ती थांबविताना ह्यातील ७० टक्के भार पुढील चाकांवर पडतो आणि पुढील प्रत्येक बिडाची डिस्क ५ किलोग्रॅमची आहे असे धरले, तर डिस्कचे तपमान एका थांब्यास अवघे २३ अंशांनी वाढते. दुसऱ्या थांब्यापर्यंत ती बरीचशी निवते. म्हणजे शहरातील वाहतुकीत पॅडच्या उष्णतासहत्वाची कसोटी क्वचितच लागते. थांबण्याचे अंतरही पॅडवर फारसे अवलंबून नसते. सुस्थितीतील ब्रेक चाक जखडू शकत असतील, तर पुढची मर्यादा टायर आणि रस्ता ह्यांच्यामधील घर्षणाची असते. कोरड्या रस्त्यावर हा घर्षणगुणांक ०·८ धरल्यास ताशी ६० किलोमीटर वेगाला सुमारे १८ मीटर अंतर लागते. पॅड बदलल्याने पायाचा दाब कमी-अधिक लागेल. हे १८ मीटर कमी होणार नाहीत.

मग निवडीला आधार कशाचा? माझ्या मते, थंड असतानाची पकड, आवाज, धूळ आणि डिस्कची झीज ह्यांचा. पोलादी तंतूंचे प्रमाण अधिक असलेला अर्धधातवीय पॅड बव्हंशी डिस्कला घासून काम करतो. तो जास्त उष्णता सोसतो, पण कुरकुरतो, डिस्क झिजवितो आणि चाकावर काळी धूळ टाकतो. सिरॅमिक वर्गातील पॅड डिस्कवर स्वतःच्या द्रव्याचा पातळ थर चढवितो आणि घर्षण मुख्यतः त्या थराशी होते. म्हणून तो शांत चालतो व डिस्क टिकते. त्याची धूळ फिकट असल्यामुळे डोळ्यांस दिसत नाही, एवढेच. ती नसतेच असे नव्हे. जर्मनीत अतिवेगाच्या महामार्गांमुळे अल्पपोलादी पॅडांना, तर जपान व अमेरिका येथे सिरॅमिक वर्गाला पसंती मिळाली, ह्याचे मर्म ह्या भेदातच आहे.

घाटाचा प्रश्न वेगळा. खंडाळ्याहून खोपोलीस उतरताना गाडी सुमारे ५०० मीटर खाली येते. वरील गाडीच्या बाबतीत ही ऊर्जा ५,८८० किलोज्यूल, म्हणजे पूर्वोक्त थांब्याच्या पस्तीसपट भरते. काही भाग हवा व टायर घेतात. उरलेला इंजिनाने घ्यावा की ब्रेकने, हे चालक कोणता गिअर धरतो त्यावर ठरते. सिरॅमिक पॅड उष्णता ‘लवकर बाहेर टाकतो’ असे सांगण्यात येते, ते उलट आहे. अर्धधातवीय पॅडच्या मानाने तो उष्णतेचा मंदवाहक आहे. त्यामुळे कॅलिपरमधील ब्रेक ऑइलचे काहीसे रक्षण होते, परंतु डिस्क अधिक तापते. शिवाय हे ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट-४ प्रतीचे ताजे ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शोषल्यावर प्रमाणानुसार ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. ऑइल उकळले की वाफ दबते आणि पेडल तळाला जाते. ज्याने कोकणातले तीन पावसाळे जुन्याच ऑइलवर काढले आणि पॅड मात्र महागाचे घेतले, त्याने पैसे चुकीच्या ठिकाणी घातले, असेच म्हणावे लागेल.

खरेदी करताना पॅडच्या कडेवरील दोन इंग्रजी अक्षरे पाहावीत. अमेरिकेतील एस.ए.ई. ह्या संस्थेच्या पद्धतीत पहिले अक्षर सामान्य तपमानाचा व दुसरे तप्त अवस्थेचा घर्षणगुणांक दर्शविते : ‘ई’ म्हणजे ०·२५ ते ०·३५, ‘एफ’ ०·३५ ते ०·४५, ‘जी’ ०·४५ ते ०·५५. ‘एफ-एफ’ हा पॅड ‘एफ-ई’ पेक्षा नित्याच्या वापरास विश्वसनीय मानावा. तथापि ही चाचणी इंचभर चौरस तुकड्यावर होते आणि प्रत्येक वर्ग बराच रुंद आहे, हे विसरता कामा नये. संयुक्त राष्ट्रांच्या ९० क्रमांकाच्या नियमाची कसोटी अधिक अर्थपूर्ण आहे. तिच्यात बदली पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या १५ टक्क्यांच्या आत असावी लागते, आणि त्यामुळे पुढील व मागील चाकांमधील ब्रेकचा तोल बिघडत नाही. पाठपट्टीवर वर्तुळातील ‘ई’ हे अक्षर असल्यास ती मान्यता समजावी.

जुन्या परीक्षणांवर मात्र विसंबू नये. ब्रेकच्या धुळीतील तांबे पावसाच्या पाण्याबरोबर वाहत जाऊन माशांना अपाय करते, म्हणून कॅलिफोर्निया व वॉशिंग्टन ह्या राज्यांनी २०१० मध्ये कायदे केले. त्यांनुसार २०२५ पासून तांब्याचे प्रमाण ०·५ टक्क्यावर आणावे लागले. थर स्थिर राखण्याचे व उष्णता पसरविण्याचे काम तांबे करीत असे. ते काढल्यावर मिश्रणे नव्याने बांधावी लागली. दहा वर्षांपूर्वी ज्या पॅडची वाखाणणी झाली, तोच पदार्थ आज त्या नावाखाली मिळेल, असे गृहीत धरता येत नाही.

पॅड बसविल्यानंतर मध्यम वेगातून वीस-तीस वेळा, मध्ये डिस्क निवू देऊन, गाडी हळूहळू मंदावावी म्हणजे थर सारखा चढतो. तापलेल्या ब्रेकवर पेडल दाबून गाडी उभी ठेवल्यास त्याच जागी पॅडचे द्रव्य साचते व पुढे पेडल थरथरू लागते. गॅरेजमध्ये ‘डिस्क वाकली’ असे निदान होते, ते पुष्कळदा ह्या असमान थराचे असते.