अग्निगर्भ हिमभूमींत आठ दिवस

हिंवाळ्यांत सहलीस जावयाचें तर लोक कोंकणांत उतरतात, गोव्यास जातात, फार झालें तर कन्याकुमारी गांठतात. आम्हीं मात्र २०२४ सालच्या मार्गशीर्षांत, म्हणजे डिसेंबर महिन्यांत, उत्तर ध्रुववृत्ताला जवळजवळ टेकलेल्या आइसलंड बेटाची वाट धरली, तेव्हां ओळखीच्या मंडळींनीं आमच्या शहाणपणाविषयीं उघड शंका व्यक्त केली. त्यांत त्यांचा दोष नाहीं. कन्या व जांवई इंग्लंडांत असल्यानें आम्ही उभयतां त्यांच्याकडे गेलों होतों; तेथून हें बेट विमानानें अवघ्या अडीच-तीन तासांवर; आणि जांवईबापूंनीं तिकिटें आम्हांस न विचारतांच काढून ठेविलीं होतीं. "सारें बेट पालथें घालण्याचा हट्ट मात्र धरूं नका," एवढी एकच अट आमच्या सौभाग्यवतींनीं घातली. त्यांचे गुडघे पूर्वीसारखे राहिले नाहींत. अट त्या वेळीं आम्हांस जाचक वाटली. परंतु आठ दिवस एकाच ठिकाणीं बिऱ्हाड ठेवून, मनास येईल तेव्हां बाहेर पडावें व अंधार पडण्यापूर्वीं परतावें, असा जो क्रम पडला, त्यामुळेंच त्या देशाचें थोडेंबहुत अंतरंग आम्हांस दिसलें.

या बेटाचें क्षेत्रफळ सुमारें १,०३,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाएवढें. आणि लोकवस्ती चार लाखांच्या आंत. त्यांतील निम्म्याहून अधिक लोक रेक्याविक ही राजधानी व तिचीं उपनगरें यांतच राहतात. देशाचा सुमारें दहावा हिस्सा हिमनद्यांखालीं कायमचा झांकलेला आहे. असें असूनही सागरांतील उष्ण प्रवाहामुळें राजधानींतील जानेवारीचें सरासरी तपमान शून्य अंशाच्या आसपासच असतें. खरा शत्रु थंडी नव्हे, वारा होय. मोटारीचें दार एका हातानें उघडूं नये, वारा तें उपटून नेतो, असें जो तो बजावीत असतो. ही थट्टा असावी अशी आमची समजूत होती. दुसऱ्या दिवशीं टोपी उडून समुद्रार्पण झाली तेव्हां ती फिटली.

पहिल्या दिवशीं सवयीप्रमाणें पांच वाजतां जाग आली. स्नान आटोपून खिडकीशीं बसलों. सहा वाजले, सात वाजले, आठ वाजले, बाहेर मध्यरात्रच. नऊच्या सुमारास आग्नेयेकडील काळोखाला किंचित् निळसर छटा आली. दहा वाजतां ती करडी झाली, मग गुलाबी, मग केशरी. आणि सूर्यबिंब दिसावयास ११ वाजून २० मिनिटें व्हावीं लागलीं. बरें, तें बिंब वर चढावें, तर तेंही नाहीं. क्षितिजापासून अडीच-तीन अंश उचललें जाऊन दक्षिणेकडून आडवें सरकत गेलें व साडेतीनच्या सुमारास मावळलें. भर मध्यान्हीं आमची सांवली आमच्या वीसपट लांब पडली होती. प्रातःसंध्या अकरा वाजतां आणि सायंसंध्या साडेतीनला! "अहो, मग दोन्ही एकाच पळींत उरकून टाका," असें सौभाग्यवतींनीं सुचविलें.

लोकमान्य टिळकांचा 'आर्क्टिक होम इन दि वेदाज' हा ग्रंथ १९०३ सालीं प्रसिद्ध झाला. ऋग्वेदांतील ऋषींनीं जी दीर्घकाळ रेंगाळणारी उषा गाइली, ती आपल्याकडील घटकाभराची पहांट नसून ध्रुवप्रदेशांतील असली पाहिजे, असा त्यांतील एक तर्क. आजचे विद्वान् तो सिद्धांत मान्य करीत नाहींत. शिवाय आइसलंडची जवळजवळ सर्व भूमि ध्रुववृत्ताच्या दक्षिणेसच पडते, हेंही आम्ही जाणतों. तरी पण त्या खिडकींत दोन तास उषा न्याहाळीत बसलों असतां, ज्यानें हें दृश्य उभ्या जन्मांत डोळ्यांनीं पाहिलें नाहीं त्यानें केवळ ऋचा वाचून तें कल्पनेनें उभें केलें, या गोष्टीचें आम्हांस फार नवल वाटलें. रात्रीं ढग निवळले तेव्हां ध्रुव पाहिला. पुण्यास तो क्षितिजावर साडेअठरा अंशांवर, कोणाच्या तरी छपराआड असतो; येथें ६४ अंशांवर, मान मोडेपर्यंत वर पाहावें तेव्हां दिसतो, आणि सप्तर्षि तर कधीं मावळतच नाहींत. ज्यासाठीं बहुतेक प्रवासी तेथें येतात तो उत्तरप्रकाश आम्हांस एकदांच, पाऊण घटका दिसला. सूर्याकडून येणारे विद्युद्भारित कण पृथ्वीच्या चुंबकत्वानें ध्रुवांकडे वळतात व शंभर-दीडशें किलोमीटर उंचीवर प्राणवायूस आदळून हिरवा प्रकाश देतात. छायाचित्रांतील तो गर्द हिरवा रंग साध्या डोळ्यांस तितका दिसत नाहीं, हें जाणाऱ्यांनीं आधींच समजून असावें. आम्हांस तर दोरीवर वाळत घातलेलें फिकट धोतर वाऱ्यानें हलावें तसें दिसलें. पण तें धोतर अर्ध्या आकाशाएवढें होतें.

या देशाचें खरें दैवत म्हणजे ऊन पाणी. दहांपैकीं नऊ घरांत ऊब येते ती भूगर्भांतील उष्णोदकानें. पूर्वीं रेक्याविकच्या बायका धुण्याचीं ओझीं घेऊन गांवाबाहेर तीन किलोमीटरांवर असलेल्या उन्हाळ्यांवर पायीं जात. त्याच उन्हाळ्यांचें पाणी १९३० सालीं नळानें गांवांत आणिलें, आणि तें प्रथम ज्या इमारतींस मिळालें त्यांत एक प्राथमिक शाळा होती. आमच्यासारख्या जुन्या मास्तरास ही गोष्ट ऐकून संतोष वाटावा, यांत नवल नाहीं. नळाच्या उष्ण पाण्यास गंधकाचा वास येतो. पहिले दोन दिवस अंघोळ करून आपण अधिकच अस्वच्छ झालों असें वाटतें, तिसऱ्या दिवशीं वास जाणवत नाहीं.

गांवोगांवीं सार्वजनिक तरणतलाव आहेत. ते उघड्यावर असून हिमवर्षावांतही चालू असतात. त्यांत उतरण्यापूर्वीं साबण लावून, वस्त्राविना, सचैल नव्हे तर अचैल स्नान करावें लागतें. कोणकोणते अवयव घांसावयाचे याचें चित्रच भिंतीवर लावलेलें असतें. पुरुषांची व स्त्रियांची सोय अर्थात् वेगळी. स्नानापूर्वीं स्नान ही कल्पना आमच्या आजोबांस पसंत पडली असती. दुसरा भाग पडला नसता. तलावाकांठीं लहान लहान कुंडें असतात, त्यांत ३८ पासून ४२ अंशांपर्यंत ऊन पाणी. गळ्यापर्यंत पाण्यांत बसावें, डोक्यावर बर्फ पडत असावें, आणि शेजारच्या अनोळखी मनुष्याशीं हवापाण्याच्या गोष्टी कराव्या, हा तेथील लोकांचा नित्याचा विसांवा. आपल्याकडील देवळाच्या ओट्याचें काम तेथें हीं कुंडें करितात. सौभाग्यवतींच्या गुडघ्यांस तर त्यांचा असा गुण आला कीं, आमचा रोजचा दुपारचा मुक्काम तेथेंच ठरला. 'निळें सरोवर' म्हणून जें जगभर गाजलें आहे तें मुळांत एका वीजकेंद्राचें सोडून दिलेलें पाणी होय. त्याचें तिकीट ऐकून आम्ही तिकडे फिरकलों नाहीं.

शाकाहारी मनुष्याचे हाल होतील ही भीति व्यर्थ ठरली. 'स्कीर' नांवाचा पदार्थ तेथें घरोघर खातात. तो आपला चक्काच. साखर व वेलदोडा आमच्यापाशीं होता, तेव्हां एके दिवशीं श्रीखंडही झालें. लौगरवात्न येथें राईची भाकर भांड्यांत घालून उन्हाळ्याच्या ऊन रेतींत पुरतात व २४ तासांनीं काढतात. ती गूळ घातल्यासारखी गोड लागते.

पाहण्याच्या स्थळांपैकीं गायसीर व गुल्फोस यांविषयीं इतरांनीं पुष्कळ लिहिलें आहे. ज्या झऱ्यावरून जगांतील सर्व कारंज्या-उन्हाळ्यांस नांव पडलें तो गायसीर बहुधा झोंपलेलाच असतो. शेजारचा स्ट्रोकुर दर पांच-दहा मिनिटांनीं वीस-तीस मीटर उसळतो. आम्हांस रेंगाळावेंसें वाटलें तें थिंगवेत्लिर येथें.

इ. स. ९३० मध्यें या बेटावरील लोकांनीं येथें उघड्या माळावर आपली सभा स्थापिली. राजा नव्हता, सैन्य नव्हतें. कायदा होता, आणि तो लिहिलेला नव्हता. 'विधिवक्ता' म्हणून एक पुरुष निवडीत. तो दरसाल एक तृतीयांश याप्रमाणें तीन वर्षांत सारा कायदा सभेपुढें मुखोद्गत म्हणून दाखवी. एखाद्या कलमाविषयीं त्यास शंका असली तर त्यानें आधींच पांच जाणत्यांस विचारून ती फेडून घ्यावी, असा दंडक होता. सुमारें दोन शतकें हा क्रम चालून १११७-१८ च्या हिंवाळ्यांत कायदा लेखनिविष्ट झाला. ज्यांच्या घरांत कालपरवांपर्यंत घनपाठी होते त्यांस या व्यवस्थेचें मर्म निराळें सांगावयास नको. इ. स. १००० च्या सुमारास जुना धर्म ठेवावा कीं ख्रिस्ती व्हावें, यावरून देश दुभंगण्याची वेळ आली. तेव्हां थोर्गेर नांवाच्या विधिवक्त्यावर निर्णय सोंपविला. तो स्वतः जुन्या धर्माचा. एक दिवस व एक रात्र तो अंगावर पांघरूण घेऊन निजून राहिला, कोणाशीं बोलला नाहीं. आणि उठून म्हणाला, सर्वांनीं ख्रिस्ती व्हावें. कायदा एक राहिला नाहीं तर शांतताही राहणार नाहीं, हें त्याचें कारण. त्या पांघरुणाखालीं त्याच्या मनांत काय काय आलें असेल, याचा विचार आम्ही त्या वाऱ्यांत उभे राहून बराच वेळ केला. १९४४ सालीं १७ जून रोजीं देशाचें प्रजासत्ताक घोषित झालें तेंही याच ठिकाणीं.

या माळाच्या एका बाजूस अमेरिकेचें भूपृष्ठ व दुसऱ्या बाजूस युरोप-आशियाचें; दोन्ही वर्षाला सुमारें दोन सेंटिमीटरांनीं दूर सरतात, आणि ती फट भरून काढण्यास खालून शिलारस येतो. तोच निवून काळा कातळ होतो. हातांत घेतलेला दगड आम्हांस परका वाटला नाहीं. आपला सह्याद्रि सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं असाच वाहिलेला आहे.

त्या लोकांचें भाषाप्रेमही आम्हांस भावलें. परका शब्द जसाच्या तसा घ्यावयाचा नाहीं, असा त्यांचा शिरस्ता. संगणकास त्यांनीं 'टोल्वा' म्हटलें: संख्या व भविष्यवादिनी या दोन शब्दांचा तो जोड. सावरकरांच्या भाषाशुद्धीवर आपल्याकडे रणें माजलीं. तेथें शब्द कोणी थट्टेवारी नेत नाहीं, वापरतो. आर्नी माग्नुस्सोन (१६६३-१७३०) यानें घरोघर फिरून चर्मपत्रांवरील पोथ्या गोळा केल्या. एका पानाचा तर कोणी कपडा बेतण्याचा नमुना कापला होता. त्या पोथ्या डेन्मार्कांत गेल्या. पुढें १९७१ सालीं २१ एप्रिलला डेन्मार्कांतील आइसलंडी पोथ्यांपैकीं पहिल्या दोन परत आल्या, तेव्हां बंदरावर हजारों लोक लोटले. एका पोथीस शंभराहून अधिक वासरांचीं कातडीं लागलीं, हें ऐकून सौभाग्यवतींनीं डोळे मिटून घेतले.

आतां त्या कुंडांतील बाईंविषयीं. तिसऱ्या दिवसापासून त्या आम्हांस ठराविक वेळीं भेटूं लागल्या. त्याही निवृत्त शिक्षिका, गांव ग्रिंडाविक. हें कोळ्यांचें गांव राजधानीच्या नैर्ऋत्येस आहे. तो प्रदेश सुमारें आठशें वर्षें निद्रिस्त होता व २०२१ पासून जागा झाला. १० नोव्हेंबर २०२३ च्या रात्रीं गांवाखालून शिलारस सरकूं लागला, तेव्हां तेथील साडेतीन हजारांवर माणसें एका रात्रींत बाहेर काढलीं. १४ जानेवारी २०२४ रोजीं शिलारस वेशींत शिरून तीन घरें जळालीं. पहिल्या उद्रेकापासून आमच्या भेटीपर्यंत वर्षभरांत त्या भागांत सात उद्रेक झाले. मागाहून लोकांस थोडा वेळ आंत सोडिलें, तेव्हां बाईंनीं घाईंत अर्धवट विणलेला स्वेटर आणिला व चष्मा विसरल्या. त्यांचें घर उभें आहे, परंतु अंगणांतून भेग गेली आहे. "जळालें असतें तर रडून मोकळी झालें असतें," असें त्या अगदीं शांतपणें म्हणाल्या. शाळेचीं मुलें निरनिराळ्या गांवांच्या शाळांत वांटलीं गेलीं; बाजारांत एखादा विद्यार्थी भेटला कीं दोघांनाही काय बोलावें तें सुचत नाहीं.

"तुमच्याकडे भूमि अशी वागते काय?" असें त्यांनीं विचारलें. तेव्हां आम्हांस कोयनेचें सांगावें लागलें. ११ डिसेंबर १९६७ ची पहांट; आम्ही सात वर्षांचे. वडिलांनीं अंथरुणासकट उचलून अंगणांत आणिलें आणि मागून परसाकडची भिंत बसली. आमच्या घरचें कोणी दगावलें नाहीं. पाटण-कोयनेच्या बाजूस दीडशेंहून अधिक माणसें गेलीं. पुढें थेट शिमग्यापर्यंत सारें घर अंगणांतील मांडवांत निजत होतें.

"मग आंत निजावयास हरकत नाहीं, हें तुम्हांस कोणी सांगितलें?" बाईंनीं विचारलें.

आम्ही थबकलों. हा प्रश्न सत्तावन्न वर्षांत आम्हांस कोणी केला नव्हता. "कोणीच सांगितलें नाहीं. एका रात्रीं आजीनें आपली वळकटी उचलली व माजघरांत नेऊन पसरली. दुसऱ्या रात्रीं आम्ही सारे गेलों."

"त्यांचें वय काय होतें?"

"साठीच्या पुढें; आज आम्ही आहों तेवढेंच."

बाई पुष्कळ वेळ कांहीं बोलल्या नाहींत. सौभाग्यवतींनीं पाण्यांतच त्यांच्या हातावर हात ठेविला. मग त्यांनीं स्वेटरचा विषय काढला: मापाला नातू आतां मोठा झाला आहे, तेव्हां बाह्या उसवून लांबवाव्या लागणार.

निघण्याच्या दिवशीं गाडी सकाळीं आठ वाजतां, म्हणजे घोर अंधारांत, विमानतळाकडे चालली. दोन्ही बाजूंस शेवाळलेला काळा कातळ दिव्यांच्या झोतांत येत-जात होता. डावीकडे ग्रिंडाविकचा फांटा आला. चालकानें हात न उचलतां केवळ मानेनें तो दाखविला. "आंत दिवे आहेत का हो कुठें?" सौभाग्यवतींनीं विचारलें. आम्हीं कांचेवरील वाफ पुसून पाहिलें. मध्यें डोंगर होता.