लाकडी नाकाचं जेट

काल विमानाच्या मॉडेलसाठी बाल्सा लाकडाची पट्टी कापत होतो. लेकीने विचारलं, "बाबा, खरं विमान लाकडाचं असतं का?"

होतं ना! डी हॅविलँड व्हॅम्पायर. पहिलं उड्डाण २० सप्टेंबर १९४३, इंग्लंडमधल्या हॅटफिल्डला. वैमानिक बसतो तो भाग प्लायवूडच्या थरांमध्ये बाल्सा चिकटवून केलेला. पंख मात्र धातूचे.

या जेटच्या शेपटीला दोन दांडे का? सुरुवातीच्या जेट इंजिनांची ताकद बेताची. लांब नळीतून झोत सोडला तर तीही वाया जायची. म्हणून नळी आखूड ठेवली आणि शेपूट दोन्ही बाजूंनी मागे नेली. काय सुरेख युक्ती!

व्हॅम्पायरच्या आवृत्त्याही बदलत गेल्या. एफ-१ला इंधन अपुरं पडायचं, एफ-३मध्ये टाक्या वाढल्या. एफबी-५चे पंख आखूड, मजबूत; जमिनीवरच्या हल्ल्यांसाठी.

१९४८मध्ये आपल्या हवाई दलात आलेलं पहिलं जेट व्हॅम्पायरच.