लिलीपॉन्डमध्ये वरखाली होणाऱ्या ‘पी’ आणि ‘एफ’

पंचरेषेखालच्या ‘पी’ (हळू), ‘एफ’ (जोरात) या खुणा लिलीपॉन्ड या स्वरलेखनाच्या प्रोग्राममध्ये एका ओळीत का राहत नाहीत? एक ‘पी’ पंचरेषेला चिकटलेली, पुढची ‘एफ’ पार खाली, कारण तिथला स्वर जादा रेघांवर उतरलेला. प्रत्येक खूण फक्त आपल्या वरचा स्वर टाळते, शेजारच्या खुणेकडे बघत नाही.

त्या ओळीत आणायला ‘डायनॅमिकलाइनस्पॅनर’ या घटकाच्या ‘स्टाफ-पॅडिंग’ या गुणधर्माला 3 ही किंमत द्या. हे मिलिमीटर नव्हेत. पंचरेषेतल्या लगतच्या दोन रेघांमधल्या अंतराच्या तिप्पट. खुणा लगेच ओळीत येतात, फार सुरेख दिसतं! एखादी तरीही खाली राहिली, तर आकडा 4 किंवा 5 करा.

‘एक्स्ट्रा-ऑफसेट’ने एकेक खूण सरकवू नका. तो सगळी मांडणी ठरल्यावर लागू होतो, त्यामुळे टक्कर टाळली जात नाही.