टायर गुणगुणू लागले की

सेडान गाडी ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरच्या पुढे गेली, की आत ऐकू येणाऱ्या आवाजात इंजिनाचा वाटा मागे पडतो आणि टायरांचा पुढे येतो. आजची पेट्रोल इंजिने इतकी शांत झाली आहेत, की एकेकाळी त्यांच्या घरघरीखाली झाकून जाणारी टायरांची घूं-घूं आता उघडी पडते. विजेच्या गाडीत तर तिला झाकायला काहीच उरलेले नाही. यावरचा रूढ तोडगा म्हणजे दुकानात जाऊन ‘शांत’ टायरांचा नवा संच बसवून घेणे. १५-१६ इंची चार टायरांचा खर्च साधारण पंचवीस-तीस हजारांच्या घरात जातो. तो करण्यापूर्वी आवाज नेमका कशाचा आहे हे शोधायला हवे, कारण टायर ओरडत असला तरी दुखणे भलतीकडेच असू शकते.

टायरचा जो भाग त्या क्षणी रस्त्याला टेकलेला असतो, तिथे एकाच वेळी बऱ्याच गोष्टी घडतात. नक्षीतला रबराचा प्रत्येक ठोकळा रस्त्यावर आदळतो आणि सुटताना किंचित घसरतो. दोन ठोकळ्यांमधल्या खाचेत सापडलेली हवा दाबली जाते आणि सुटते, त्यातून बारीक शीळ उमटते. सगळे ठोकळे एकाच मापाचे असते तर एकच सूर सतत वाजत राहिला असता. म्हणून कारखान्यातच ते लहानमोठे ठेवतात आणि तो सूर अनेक सुरांत विखुरतात. याखेरीज टायरच्या पोकळीतली हवा स्वतःच साधारण २०० ते २५० हर्ट्झच्या आसपास घुमते. पुलाच्या सांध्यावरून जाताना जो पोकळ ‘ढप्प’ आवाज येतो, त्यात हिचा हात असतो. काही महागड्या टायरांच्या आतल्या बाजूला फोमचा पट्टा चिकटवलेला असतो, तो या घुमण्यासाठी. खरबरीत रस्त्याची खरखर त्या फोमने फारशी कमी होत नाही.

रस्त्याचा वाटाही मोठा आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग हे दोन्ही प्रामुख्याने सिमेंट काँक्रीटचे. पाण्यात चाके घसरू नयेत म्हणून काँक्रीटच्या पृष्ठभागावर ओल्यातच आडव्या रेघा ओढतात आणि त्यांच्यावरून जाताना चांगला, नवा टायरही गुणगुणतो. काँक्रीट संपून नव्या डांबराचा पट्टा लागला आणि आवाज एकदम निम्म्यावर आल्यासारखा वाटला, तर त्यातला बराच भाग रस्त्याचा होता असे समजावे. रस्ता बदलला तरी घूं-घूं तशीच, फक्त वेगाबरोबर चढत-उतरत राहते, असे असेल तर संशय व्हील बेअरिंगवर घ्यावा लागतो. मोकळ्या रस्त्यावर हलक्या वळणात गाडीचा भार बाहेरच्या बाजूच्या चाकांवर जातो. डावीकडे वळताना आवाज वाढला आणि उजवीकडे वळताना दबला, तर उजव्या बाजूचे बेअरिंग गेले असण्याची शक्यता अधिक. टायरचा आवाज वळणाने सहसा इतका बदलत नाही. तरीही खात्री होत नसेल, तर पुढची चाके मागे आणि मागची पुढे घालून पाहावीत. आवाजाने जागा बदलली तर तो टायरचा. या अदलाबदलीला अर्धा तास आणि किरकोळ मजुरी लागते, पण घाईत ती कोणी करत नाही आणि बेअरिंगच्या आवाजापायी चार टायर बदलून मोकळे होतात.

टायरचाच आवाज आहे असे ठरले, तरी पुढचा प्रश्न उरतो: हा टायर सुरुवातीपासून असाच होता की मागाहून असा झाला? पहिल्या दिवसापासून गुणगुणणारा टायर म्हणजे नक्षीची किंवा रबराची निवड. हळूहळू वाढत गेलेला आवाज बहुतेक वेळा असमान झिजेतून येतो आणि ती झीज कशी आहे हे हातालाच कळते. गाडी उभी असताना तळहात टायरच्या नक्षीवरून आधी एका दिशेने आणि मग उलट दिशेने फिरवावा. एका दिशेने हात गुळगुळीत सरकतो आणि उलट फिरवताना प्रत्येक ठोकळ्याची कड बोटांना अडकते, असे झाले तर टायर करवतीसारखा झिजला आहे. आजच्या जवळपास सगळ्या लोकप्रिय सेडान पुढच्या चाकांवर चालतात. त्यांच्या मागच्या चाकांवर भार कमी असतो, ती नुसती ओढली जातात आणि वर्षानुवर्षे एकाच जागी राहिली तर त्यांच्या ठोकळ्यांना अशी धार चढते. मागच्या सीटवर बसलेल्यांना येणारा घुमणारा आवाज, जो ऐकून मेकॅनिकही आधी बेअरिंगचे नाव घेतो, तो कित्येकदा याचाच असतो.

बाकीच्या खुणाही वाचता येतात. टायर मधोमध जास्त झिजला असेल तर हवा जास्त भरली जात होती, दोन्ही कडा झिजल्या असतील तर कमी. फक्त आतली कड खाल्ली गेली असेल तर अलाइनमेंट बिघडले आहे. ही कड उभ्या माणसाला दिसत नाही. वाकून, किंवा स्टिअरिंग पूर्ण वळवून पाहावे लागते. परिघावर ठरावीक अंतराने खोलगट चट्टे पडले असतील तर शॉक ॲब्सॉर्बर थकले आहेत किंवा सस्पेन्शनचे बुश ढिले झाले आहेत. अशा गाडीला कितीही उंची टायर घातले तरी दहा-पंधरा हजार किलोमीटरनंतर तेही तसेच गाऊ लागतात. नव्या टायरांचे पैसे वसूल व्हायचे असतील तर आधी ही दुरुस्ती व्हायला हवी. एक तांत्रिक अडचण मात्र आहे. बऱ्याच सेडानना मागे टॉर्शन बीम प्रकारचा आस असतो, त्यात मागच्या चाकांचा कोन सहसा जुळवता येत नाही. मोठ्या खड्ड्यात आपटून तो बीमच वाकला असेल, तर संगणकावरच्या अलाइनमेंटचा कागद तेवढा हाती येतो, चाक सरळ होत नाही.

झिजेइतकेच वयही पाहावे लागते. रबर उन्हाने आणि हवेतल्या ऑक्सिजनने कडक होत जाते. कडक झालेला टायर जास्त आवाज करतो आणि ओल्या रस्त्यावर कमी धरतो, मग नक्षी कितीही शिल्लक असो. साइडवॉलवर ‘डॉट’ या खुणेने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२४ म्हणजे २०२४ सालातला तेविसावा आठवडा. रोजच्या धावपळीतला टायर पाच-सहा वर्षांचा झाला की त्याची दरवर्षी तपासणी करून घ्यावी आणि दहा वर्षांनंतर तो चांगला दिसत असला तरी वापरू नये, अशी बऱ्याच उत्पादकांची शिफारस असते. कमी चालणाऱ्या, सोसायटीत उन्हात उभ्या राहणाऱ्या गाड्यांचे टायर झिजण्याआधीच म्हातारे होतात. खाचांच्या तळाशी असलेले उंचवटे नक्षीच्या बरोबरीला आले, म्हणजे नक्षी १.६ मिलिमीटर उरली. कायद्याने टायर तिथे संपतो. कोकणात किंवा घाटात पावसाळा काढायचा असेल, तर तीन मिलिमीटरवरच बदललेला बरा. साइडवॉलला फुगा आला असेल तर झिजेचा हिशेब पाहायचाच नाही. आतले धागे तुटलेले असतात आणि तो टायर त्याच दिवशी काढावा लागतो.

नवा टायर घेताना पहिली गोष्ट माप. १८५/६५ आर १५ ८८ एच या अक्षरांत टायरची रुंदी १८५ मिलिमीटर, साइडवॉलची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १५ इंची, एका टायरची भारक्षमता ५६० किलो आणि वेगमर्यादा ताशी २१० किलोमीटर एवढे सगळे आले. रिम मोठी करायची हौस असेल तर बाहेरचा व्यास तोच राहील असे माप शोधावे. मारुती सियाझच्या खालच्या मॉडेलांना हेच १८५/६५ आर १५ माप होते आणि वरच्या मॉडेलांना १९५/५५ आर १६. रिम एक इंचाने वाढली तरी दोन्ही टायरांचा व्यास ६२१ मिलिमीटरच्या आसपासच राहतो. व्यास दोन-तीन टक्क्यांहून अधिक बदलला तर स्पीडोमीटर खोटे बोलतो आणि वळणात टायर मडगार्डला घासू शकतो. भारक्षमता आणि वेगाचे अक्षर कंपनीने दिलेल्याहून खाली आणू नये. शांततेच्या दृष्टीने पाहिले तर उंच साइडवॉल नेहमीच बरी. रुंद टायर आणि मोठी रिम दिसायला झोकदार, पण आवाज आणि खड्ड्यांचे दणके दोन्ही वाढवणारी. आपल्या रस्त्यांवर हा सौदा बहुतेकांना महागात पडतो.

टायरच्या आवाजावर आता नियमही आहेत. भारतात २०२२ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन टायरचा रोलिंग रेझिस्टन्स, ओल्या रस्त्यावरची पकड आणि धावतानाचा आवाज यांना एआयएस-१४२ या मानकानुसार मर्यादा लागू झाल्या. युरोपात मे २०२१ पासून नव्या रूपातले लेबल आहे. त्यात डेसिबलचा आकडा असतो आणि आवाजाचा ए, बी किंवा सी वर्ग. तीन डेसिबल कमी म्हणजे ध्वनीची ऊर्जा जवळजवळ निम्मी. मात्र हा आकडा रस्त्याच्या कडेला, गाडीच्या मार्गापासून साडेसात मीटरवर मोजलेला असतो. तो शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी आहे. गाडीच्या आत किती आवाज येईल, हे सस्पेन्शन, पत्रा आणि त्यावरचे ध्वनिरोधक अस्तर यांवरही ठरते. त्यामुळे तोच टायर एका सेडानमध्ये मऊ वाटतो आणि दुसरीत भणभणतो. आपल्याच मॉडेलच्या गाडीत तो टायर निदान दहा हजार किलोमीटर वापरलेल्या माणसाला विचारणे हा त्यातल्या त्यात भरवशाचा मार्ग. बसवल्या दिवशी बहुतेक टायर शांतच वाटतात. पकड, टिकाऊपणा आणि शांतता या तिन्ही एका टायरात पुरेपूर मिळत नाहीत. मऊ रबर शांत चालते, धरते चांगले, पण लवकर झिजते. ज्यांना पावसात घाट चढायचे-उतरायचे आहेत, त्यांनी ओल्या रस्त्यावरची पकड आधी आणि शांतता नंतर पाहावी.

चारही टायर एकदम बदलणे उत्तम. दोनच परवडत असतील तर नवे मागे बसवावेत, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. दुकानात अनेकदा उलटे सुचवतात. पण ओल्या रस्त्यावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जायला बघते आणि वेग कमी करून ती सावरता येते. मागची सुटली तर गाडीचे बूड फिरते आणि सावरायला वेळच मिळत नाही. एकाच आसावर दोन वेगळ्या नक्षीचे टायर घालू नयेत.

बसवताना शेजारी उभे राहिलेले चांगले. चारही टायरांचे तारखेचे आकडे पाहावेत. काही नक्ष्यांना बाहेरची बाजू ठरलेली असते, तसे साइडवॉलवर लिहिलेले असते. काहींवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. तो उलटा बसला तर ओल्या रस्त्यावर पाणी नीट फेकले जात नाही आणि आवाजही वाढतो. ट्यूबलेस टायरचा रबरी व्हॉल्व्ह नवा घालून घ्यावा. बॅलन्सिंगच्या यंत्रावर चाक फिरते आणि पडद्यावर आतल्या-बाहेरच्या बाजूला किती ग्रॅम वजन कमी पडते ते दिसते. वजने लावून पुन्हा फिरवले की दोन्हीकडे शून्य यायला हवे. एकाच जागी साठ-सत्तर ग्रॅम लागत असेल तर टायर रिमवरून उतरवून अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवायला सांगावे, किंवा रिम वाकली आहे का ते पाहावे. शेवटी अलाइनमेंट. नट हवेच्या गनने नुसते करकचून आवळण्याऐवजी टॉर्क रेंचने, एकाआड एक घट्ट करावेत.

नव्या टायरवर कारखान्यातला निसरडा थर असतो, म्हणून पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक आणि वेगवान वळणे टाळतात. हवा टायर थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर दिली आहे तेवढीच भरावी. पंपावर सरसकट ३५ भरून घेण्याच्या सवयीने टायर टणक होतो, मधोमध झिजतो आणि आवाजही करतो. नायट्रोजनचा आग्रह धरण्यात फारसा अर्थ नाही, साध्या हवेतही तो ७८ टक्के असतोच. दर आठ-दहा हजार किलोमीटरला चाकांची जागा बदलली, तर मागच्या टायरांना ती करवतीची धार चढायला उसंत मिळत नाही. स्टेपनीतली हवा त्याच दिवशी पाहून घ्यावी. काढलेल्या टायरांचे दुकानदार थोडे पैसे वळते करतो. पण घासलेल्या टायरवर खाचा पुन्हा कोरून ते विकण्याचा धंदाही चालतो. तेव्हा फुगा आलेला किंवा चिरलेला टायर परत देताना त्याच्या साइडवॉलला आपल्यासमोर छेद द्यायला लावणे इष्ट.